हॉर्न वाजला की बार्न

आमच्या घराला लाल रंग लागला तो एका तक्त्यामुळे. घराला म्हणजे गोठ्याला. पण आमच्या सासऱ्यांच्या हिशेबी आधी गोठा आणि मग घर, त्यामुळे एकच.

मुलगी साडेचार वर्षांची झाली आणि मी हट्टच धरला की तिला कोल्हापुरातल्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत घालायचं. कोडोलीजवळच्या मळ्यातून रोज तिथवर बस जाते, मग अडचण काय? नवऱ्याला कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत शिफ्टची ड्युटी. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो आणि जागा असतो तेव्हा घरी नसतो, म्हणून त्याचं मत मी विचारलं नाही. सासऱ्यांचं विचारावं लागलं. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणते.

हट्टामागचं कारण सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला आगाऊ म्हणायला नको. लग्नाआधी मी त्याच एमआयडीसीत एका ऑफिसात नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. बी.कॉम. होते, हिशेब पाठ होता. समोरच्या साहेबांनी इंग्लिशमध्ये एवढंच विचारलं की स्वतःबद्दल काही सांगा. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. समोर पाण्याचा ग्लास ठेवला होता, तो मी पिऊन टाकला आणि उठून आले. माझ्या पोरीच्या वाट्याला तो ग्लास येऊ नये, एवढंच मला हवं होतं.

शाळेत प्रवेशाआधी मुलांची मुलाखत घेतात. चार वर्षांच्या मुलांची कसली मुलाखत, असं विचारू नका, घेतात. तयारीसाठी शाळेने एक रंगीत तक्ता दिला. यंदाचा विषय होता शेती. तक्त्यावर चित्रं आणि खाली इंग्लिश शब्द. लाल रंगाचं बार्न, पांढरी-काळी काऊ, तळ्यात डक, गवताचे गोल गोल गुंडाळे म्हणजे 'हे', बुजगावणं म्हणजे स्केअरक्रो, पांढरं कुंपण, गुलाबी पिग, आणि मधोमध चौकड्याचा शर्ट आणि गवती हॅट घातलेला फार्मर.

आबांनी चष्मा लावून तक्ता बराच वेळ बघितला. जन्मभर त्यांनी ऊस, भात आणि म्हशी याशिवाय दुसरं काही केलेलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील की असली कुठं शेती असती व्हय. पण ते म्हणाले, "छापलंय म्हंजे आसंल की. आपल्यात न्हाय, हे आपलं चुकलं."

मी म्हटलं, "आबा, नुसते शब्द पाठ करून घ्यायचे आहेत."

"नुसतं पाठ करून कुठं डोक्यात बसतंय व्हय? लेकरानं डोळ्यानं बघाय पायजे. तू गप बस. ह्या पोरीची तयारी मी करणार."

इथे आबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना म्हशीचा नाद आहे. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, अंगावरचे केस नक्षीत कातरलेले, गळ्यात घुंगरं. मालक मोटारसायकलवर पुढे आणि म्हैस त्याच्या मागे पळत. गाडीच्या आवाजावर ती भर गर्दीतही मालकाला सोडत नाही. त्यासाठी वर्षभर सराव लागतो. आबा हॉर्न वाजवतात, म्हैस येते, तिला मूठभर पेंड मिळते. आमची म्हैस या कामात तरबेज आहे. तेव्हा तयारी म्हटल्यावर आबांच्या डोळ्यांसमोर जगातली एकच तयारी होती, आणि ती त्यांनी माझ्या पोरीला लावायची ठरवली.

आधी मळा तक्त्यासारखा झाला. खिडकीच्या गजांना मारतात तो तांबडा रंग आणून आबांनी गोठा रंगवला. म्हैस दोन दिवस आत जाईना. दारात उभी राहून ती आमच्याकडे अशी बघायची की आम्हीच पाहुणे आहोत. दूध आटलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला वाटतंय आपल्याला इकलं."

मग तळ्यात बदकं आली. आणल्या दिवशीच ती शेजारच्या भातात गेली आणि तिथेच रमली, त्यामुळे 'डक' शिकवायचं असलं की शेजाऱ्याला हाक मारावी लागायची. गवताचे गोल गुंडाळे मिळेनात म्हणून आबांनी उसाचा वाळलेला पाला दोरीने बांधून एक मोठा गुंडाळा केला. तो उतारावर ठेवला होता. दुपारी सुटला आणि थेट ओढ्यात गेला. दुसरा केला तेव्हा त्याच्याखाली दगड लावले.

बुजगावणं उसात उभं केलं. उसाला बुजगावणं कशाला लागतं, हे आबांना विचारायची सोय नव्हती, कारण तक्त्यात होतं. त्याला माझ्या नवऱ्याचा कंपनीचा जुना युनिफॉर्म आणि हेल्मेट घातलं. रस्त्यावरून जाणारे एक गृहस्थ गाडी थांबवून त्याला विचारत होते, "पावणं, पन्हाळ्याकडं हिकडनंच जायचं न्हवं?" उत्तर न मिळाल्यावर ते चिडले. माणुसकी राहिली नाही म्हणाले आणि निघून गेले.

पन्हाळ्यावर पर्यटकांना विकतात तसली गवती हॅट आबांनी स्वतःसाठी आणली. पण डोक्यावरची पांढरी टोपी काढून चारचौघांत बोडकं कसं फिरायचं? म्हणून टोपीवर हॅट. माझ्या नवऱ्याचा लाल चौकड्याचा शर्ट धोतरावर. गावातली माणसं बांधावर येऊन उभी राहायची, काही बोलायची नाहीत, बघून जायची.

अडलं ते डुकरापाशी. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दारात डुक्कर आलं तर मी म्हायेरला जाणार." त्यांच्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही, तरी आबा घाबरले. त्यांनी तोड काढली. विहिरीच्या डाव्या अंगाला चार खुंट्या ठोकून एक जागा मोकळी ठेवली. ती डुकराची जागा. तिथे काही नव्हतं, पण तिथे पिग असायचं.

आणि मग सराव सुरू झाला. रोज सकाळी आबा फटफटीवर, टाकीवर माझी मुलगी, आणि हॉर्न ऐकून आलेली म्हैस मागे. गोठ्यासमोर गाडी थांबायची. आबा हॉर्न वाजवायचे. पोरगी म्हणायची, "बार्न." तिला गुळाचा खडा मिळायचा. मागच्या म्हशीकडे बघून हॉर्न, "काऊ." गूळ. तळ्यापाशी हॉर्न, "डक." गूळ. गुंडाळ्यापाशी हॉर्न, "हे." गूळ. बुजगावण्यापाशी हॉर्न, "स्केअरक्रो." गूळ. विहिरीपाशी हॉर्न वाजला की ती डावीकडे बोट करून रिकाम्या जागेला म्हणायची, "पिग." शेवटी हॉर्न वाजवून आबा स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे आणि ती ओरडायची, "फार्मर." आबा खूश. म्हशीलाही पेंड मिळायची, तिने काही म्हटलं नसलं तरी.

मला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं. पण पोरगी एकही शब्द चुकत नव्हती, आणि मला तेवढंच हवं होतं, म्हणून मी गप्प राहिले.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आबा फटफटीवर आले. पाहुण्यांच्या कार्यक्रमाला घालतात तो धुवट सदरा घालून. त्यांना आत सोडलं नाही, म्हणून ते खाली मैदानात झाडाखाली गाडी लावून बसले. वरच्या मजल्यावर थंडगार खोली. टेबलामागे एक मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला संस्थेचे एक जाडजूड साहेब. मॅडमनी गोड आवाजात कार्ड वर केलं. "बेटा, व्हॉट इज धिस?"

कार्डावर बार्न होतं. अगदी आमच्या गोठ्याचा रंग. पोरगी कार्डाकडे बघत बसली.

दुसरं कार्ड. तिसरं कार्ड. ती शांत, मांडीवर हात ठेवून, अगदी शहाण्यासारखी. घाबरलेलीही दिसत नव्हती. वाट बघत होती. टेबलावर पाण्याचा ग्लास होता आणि मला तो फोडावासा वाटत होता. मॅडम साहेबांकडे बघून जरा हसल्या. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी टेम्पोने हॉर्न मारला आणि माझी मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "बार्न."

मॅडमच्या हातात तेव्हा बदक होतं.

माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. आता काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले, खिडकी उघडली आणि खाली हाक मारली, "आबा, हॉर्न वाजवा."

आबांनी का, कशाला, काही विचारलं नाही. त्यांनी वाजवला. "काऊ," पोरगी म्हणाली. पुन्हा वाजवला. "डक." आबांना वर काय चाललंय ते कळलं असावं, कारण ते रोजच्या लयीत, मध्ये गुळापुरती जागा सोडून वाजवत राहिले. "हे." "स्केअरक्रो." मॅडम कार्डं उलटसुलट करत तिला गाठायला बघत होत्या, पण त्यांचा क्रम वेगळा आणि आमच्या मळ्याचा वेगळा. पाचव्या की सहाव्या हॉर्नला फेरी विहिरीपाशी आली. माझ्या मुलीने डावीकडे बोट केलं आणि म्हणाली, "पिग."

बोटाच्या टोकाला संस्थेचे साहेब बसले होते.

मी मोबाईल काढला. मळ्याचे फोटो दाखवून मॅडमना सगळं समजावून सांगायला लागले. लाल गोठा, गुंडाळा, हेल्मेटातलं बुजगावणं, दोन टोप्यांतले आबा, डुकराची जागा. मॅडमनी फोटो फार बारकाईने बघितले. "हे खरंच आहे? कुठे आहे हे?" मी पत्ता सांगितला. साहेब पाणी पीत होते. मॅडम म्हणाल्या, "आम्ही कळवू."

खाली आबांनी विचारलं, "झालं न्हवं झकास?" मी म्हटलं, "सगळे शब्द आले तिला." खोटं बोलले नाही. पोरगी मात्र त्यांच्यापुढे हात पसरून उभी होती. एवढे शब्द म्हटले आणि एकही गुळाचा खडा नाही, असं तिचं म्हणणं होतं.

शाळेने कळवलं नाही. जून उजाडला, शाळा भरल्या, मुलगी गावातल्या अंगणवाडीत जायला लागली. मी अंगणवाडीच्या वाटेवर कुणाशी बोलत नव्हते. आबा रोज विचारायचे, "आला का फोन?" आणि मी त्यांच्यावरच चिडायचे. एकदा तर भाकरी थापता थापता म्हटलं की तुमच्या हॉर्नमुळे झालं हे सगळं. संध्याकाळी बघितलं तर त्यांनी फटफटीचा हॉर्न पान्याने काढून ठेवला होता. त्यामुळे म्हैस घरी येईना. ती ओढ्याकाठी उभीच. शेवटी आबा बांधावर गेले आणि तोंडाने "पाँ, पाँ" करत तिला घेऊन आले. मला हसू आलं आणि फार वाईटही वाटलं.

पाऊस ओसरल्यावर फोन आला. मॅडमच होत्या. आवाज गोड. "तुमच्या फार्मवर आमच्या केजीच्या मुलांना एक दिवस आणायचं आहे. फार्म व्हिजिट. चालेल ना?"

आबांना सांगितलं तर ते उभेच राहिले. "बग, मी म्हणलं न्हवतं? पोरगी तिकडं नवीन जाग्यात गप बसली, म्हणून आता हिकडं परीक्षा घ्याय लागल्यात. मान्सं चांगली हायत."

"आबा, ही त्या मुलांची सहल आहे."

"सहलीला कोण आपल्याच घरी येतंय? सहलीला पन्हाळा न्हाय का?"

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. मीही विश्वास ठेवला. मनात म्हटलं, एकदा मुलगी त्यांना घरच्या जागी बोलताना दिसली की झालं.

आठवडाभर आम्ही राबलो. गोठ्याला दुसरा हात मारला. म्हैस या वेळी काही म्हणाली नाही, तिने घरच्या माणसांचा नाद सोडला होता. बदकं शेजाऱ्याकडून परत आणून पाय बांधून तळ्यात सोडावीत असं आबांच्या मनात होतं, ते मी हाणून पाडलं आणि शेजाऱ्यालाच त्या दिवशी भातात उभं राहून हाकलायला सांगितलं. मुलीचा सराव आता बिनहॉर्नचा. आबा नुसतं बोट दाखवायचे आणि ओठ घट्ट मिटून धरायचे, चुकून "पाँ" निघू नये म्हणून.

बस आली. पिवळ्या टोप्या घातलेली मुलं उतरली, प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली. एक मुलगा चिखल बघून परत बसमध्ये चढला. मॅडमनी गोठ्याकडे हात केला. "चिल्ड्रेन, व्हॉट इज धिस?" मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती. म्हशीकडे बोट केलं तर एकजण म्हणाला, "एलिफंट." भातातून येणाऱ्या बदकांना बघून दोघं रडायला लागले.

माझी मुलगी आबांचं बोट सोडून पुढे आली. "बार्न," ती म्हणाली. "आत म्हस असती. या." आणि ती पुढे, पिवळ्या टोप्या मागे. डक. हे. ह्या गुंडाळ्यावर बसायचं न्हाय, ते पळतंय. स्केअरक्रो, हे पप्पांची कापडं घालतंय. एक शब्द चुकला नाही, एक अडखळला नाही. विहिरीपाशी तिने सगळ्यांना ओळीत उभं केलं, चार खुंट्यांकडे बोट केलं आणि म्हणाली, "पिग." सगळी मुलं रिकाम्या जागेकडे टक लावून बघत राहिली. एक चष्मेवाला मुलगा म्हणाला की त्याला दिसलं. मग सगळ्यांनाच दिसलं. मॅडमनी त्या जागेचा फोटोही काढला.

मी गोठ्याच्या दारात उभी होते. मला अभिमान वाटत होता, कबूल करायला कसली लाज. मुलाखतीच्या त्या खुर्चीवर मी जे करू शकले नव्हते ते माझी पोरगी चिखलात उभी राहून करत होती.

मुलं बसमध्ये चढली. आबांनी हॅट काढली, मग टोपीही काढली. मी त्यांना बोडक्या डोक्याने परक्या बाईसमोर उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं. "मग मॅडम," ते म्हणाले, "झाली न्हवं पास आमची पोरगी?"

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, मोकळ्या हसल्या. "अहो आजोबा, प्रवेश तर केव्हाच संपले. पण ही फारच गोड आहे हं. आम्ही दर वर्षी येऊ. त्या दिवशी हिला नक्की इथे ठेवा. मुलांना फार्मवरची खरी मुलगी बघायला मिळते."

मी कोल्हापूर शहरातली. एरवी बोलते ते पुस्तकातल्यासारखं, सासूबाई त्यावरून मला चिडवतात. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते मळ्यातलंच निघालं. "मॅडम, पुढच्या वर्सी ती तिच्या शाळंत आसंल. तुमास्नी दाखवाय ठेवाय ती काय म्हस न्हाय. फार्मवरची पोरगी पायजे आसंल तर हितं जागा मोकळी हाय, पिगच्या शेजारी. तिथं बघून जावा."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या बसमध्ये चढल्या. आबा दोन्ही टोप्या हातात धरून त्या गुंडाळ्यावर जाऊन बसले. मी त्यांच्यासाठी चहा केला. त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी मी मुलीचे पाय हौदापाशी धूत होते. ती म्हणाली, "मम्मी, त्या पोरास्नी एकबी आलं न्हाय गं."

"हो, नाही आलं."

"म्हस बी वळखली न्हाय. मग आता त्यास्नी शाळंतनं काढणार?"

मी तिच्या पायावर पाणी ओतत राहिले.

"त्या चष्म्याच्या पोराला तरी ठेवतील न्हवं?" तिला खरोखरच काळजी लागली होती. "त्यानं मला बिस्कीट दिलं."

"नाही काढत," मी म्हटलं. "त्यांना सगळ्यांना ठेवतात."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि पाय पुसायला टॉवेल मागितला. तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून मी टॉवेल आणायला आत गेले, आणि तो दारामागेच अडकवलेला असूनही मला बराच वेळ सापडला नाही.